साताऱ्याचे जाळे, नॉर्वेचा समुद्र

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. जाळ्याच्या मासेमारीचा हंगाम संपायला थोडेच दिवस उरले होते, म्हणून आम्ही आमच्या सहावीच्या मराठीच्या मुलांना घेऊन तामारिनच्या किनाऱ्यावर गेलो. (परवानगीचा कागद मिळायला तीन आठवडे लागले, ते असो.) निमित्त असे झाले की धड्यात ‘कोळी’ हा शब्द आला आणि निम्म्या वर्गाला तो भिंतीवर जाळे विणणारा आठ पायांचा प्राणीच वाटला. समुद्रावरचा कोळी दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

फिलाओच्या झाडाखाली एक वृद्ध मच्छीमार आपली ‘लासेन’ मांडीवर पसरून तिची फाटलेली घरे सांधीत बसला होता. मुलांनी त्याला ‘तोंतों, बोंझूर’ म्हटले, त्यानेही हसून मान डोलावली. आमच्या वर्गातल्या एका धीट मुलीने क्रेओलीतच विचारले, “हे जाळे तुम्हीच विणले का?” तोंतों म्हणाला, “मी फक्त फाटलेले शिवतो. जाळे दुकानातून येते, गठ्ठा बांधून.” “आणि दुकानात?” “जहाजातून.” मुलगी आमच्याकडे वळली. “गुरुजी, मग हे विणलं कोणी?”

वाचकहो, आमच्यापाशी उत्तर नव्हते. शिक्षकांच्या प्रशिक्षणात आम्हाला शिकविले होते की प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर तसे मुलांना सरळ सांगावे आणि पुढच्या तासाला शोधून आणावे. तो पुढचा तास केव्हाच होऊन गेला. शोध मात्र लांबत गेला आणि त्यात आपल्या पूर्वजांच्या मुलखाचे नाव असे काही अनपेक्षितपणे भेटले की ते या पानाच्या वाचकांना सांगावेसे वाटले.

आधी जुने जाळे कसे होते ते पाहू. आमचे आजोबा कास्कावेलच्या उसाच्या मळ्यात राबले, ते काही मच्छीमार नव्हते. परंतु रविवारी समुद्रावर जायचे आणि त्यांच्यापाशी सुती दोऱ्याचे एक लहान जाळे होते. आजी त्या जाळ्याला सवत म्हणायची. कारण समुद्रावरून आल्याबरोबर आधी त्याला गोड्या पाण्याने धुवायचे, मग भिंतीवर पसरून वाळवायचे, पाऊस आला तर धावत जाऊन आत आणायचे. एक रात्र ओले राहिले की कुजण्याचा वास सुटे आणि दोरा बोटाने तुटे. कोकणात आपल्या पूर्वजांच्या काळी कोळी ताग आणि सुताची जाळी वापरीत आणि ती टिकावीत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवीत. जाळे विणणे, रंगविणे, वाळविणे हे घरातल्या सर्वांचे काम असे. जाळे कोणी विणले हा प्रश्न तेव्हा कोणाला पडलाच नसता.

हे सारे बदलले ते एका अमेरिकन रसायनशास्त्रज्ञामुळे. वॉलेस कॅरोथर्स यांनी १९३५ साली द्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत नायलॉन बनविले. त्याचे आधी दात घासण्याचे ब्रश झाले, मग स्त्रियांचे मोजे, मग युद्धात हवाई छत्र्या. जाळ्यांकडे तो धागा वळला तो प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्यात जपान पुढे होते. नायलॉन पाण्यात कुजत नाही, ओले झाले तरी फार कमजोर होत नाही आणि इतके बारीक काढता येते की माशाला ते धड दिसतही नाही. एकच खोड होती: धागा गुळगुळीत असल्याने गाठ सरकायची. त्यावर गाठ दुहेरी मारणे आणि जाळे ताणून उष्णता देऊन गाठी पक्क्या करणे असे उपाय निघाले. म्हणजे जे काम आजोबांची बोटे करायची ते आता यंत्र आणि वाफ करू लागली.

तोंतोंच्या जाळ्याच्या धाग्याला व्यापारात आकड्यांनीच ओळखतात. ‘२१०/२/३’ असे त्यावर लिहिलेले असते. मुलांना आम्ही हे गणित म्हणूनच सांगितले. पहिला आकडा डेनियरचा: नऊ हजार मीटर लांब तंतूचे वजन २१० ग्रॅम. नऊ किलोमीटर लांबी आणि वजन एका आंब्याएवढे! असे दोन तंतू एकत्र पिळायचे, आणि तशा तीन लडी पुन्हा पिळायच्या. सहा तंतूंचा एक दोरा झाला. आंध्रातला कोळी असो, सेनेगालचा असो की आपला तामारिनचा, दुकानात तो हाच आकडा मागतो.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. भारतात नायलॉनचे जाळे पोहोचविण्यात नॉर्वेचा मोठा हात होता. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि १९५३ पासून केरळातील कोल्लमजवळ नीन्दकरा व शक्तिकुलंगरा या गावी ‘इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पा’चे काम सुरू झाले. इंजिनाच्या होड्या आल्या, बर्फाचा कारखाना आला, दवाखाना आणि पिण्याच्या पाण्याची सोय झाली आणि त्याबरोबर नायलॉनची जाळी आली. १९५७ साली कोचीनला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था निघाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी सुती आणि नायलॉनची जाळी पाण्यात सोडून कोणते किती टिकते, कोणते किती मासे देते हे तपासले. निकाल काय लागला असेल ते आमच्या आजीलाही सांगता आले असते. परंतु धागा परदेशातून, जपानसारख्या देशांतून यायचा आणि महाग असायचा. १९६०च्या दशकात भारतातच नायलॉनचा धागा निघू लागला, तेव्हा कुठे जाळे गरिबाच्या आवाक्यात येऊ लागले.

इथे आपला मराठी माणूस येतो. आबासाहेब गरवारे यांचा जन्म १९०३ साली तासगावचा. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. शिक्षण बेताचे, धंद्याची सुरुवात मुंबईत मोटारींच्या खरेदी-विक्रीने. पुढे त्यांनी प्लास्टिक आणि नायलॉनच्या धंद्यात उडी घेतली. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९९० साली ते वारले. पुण्याला गेलेल्या आपल्यापैकी काहींनी त्यांच्या नावाचे महाविद्यालय पाहिले असेल. त्यांच्या उद्योगसमूहात १९७६ साली दोर आणि जाळी बनविणारी एक कंपनी निघाली, गरवारे-वॉल रोप्स. २०१८ पासून तिचे नाव गरवारे टेक्निकल फायबर्स असे आहे. तिचे कारखाने पुण्याला आणि सातारा जिल्ह्यात वाईला आहेत.

वाई म्हणजे कृष्णेच्या घाटांचे आणि ढोल्या गणपतीचे गाव. आम्हा शिक्षकांना ते मराठी विश्वकोशाचे गाव म्हणून ठाऊक. ज्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी शब्दांचे जाळे विणले, त्याच वाईत समुद्राचे जाळे विणले जाते, आणि समुद्र तिथून कितीतरी दूर, सह्याद्रीच्या पलीकडे! आपल्यापैकी कित्येकांच्या घरी खापरपणजोबांचे मूळ विचारले तर रत्नागिरी, सावंतवाडी आणि सातारा हीच नावे निघतात. मुंबई बंदरातून ते निघाले तेव्हा साताऱ्याहून परदेशी जात होती ती माणसे. आज जातात ती जाळी.

आणि जातात कुठे? स्कॉटलंडला, कॅनडाला, चिलीला आणि नॉर्वेला. होय, ज्या नॉर्वेने केरळच्या कोळ्यांना नायलॉनचे जाळे दिले त्याच नॉर्वेच्या खाड्यांत आज महाराष्ट्रात विणलेली जाळी पाण्यात उभी आहेत. ती मासे पकडण्याची नव्हेत, पाळण्याची. सामन मासा तिथे पिंजऱ्यात वाढवतात. आपल्या माहेबुर्गच्या समुद्रात पिंजऱ्यातली मत्स्यशेती ज्यांनी पाहिली असेल त्यांना कल्पना येईल. पण तिकडचे पिंजरे फार मोठे, काहींचा घेर दीडशे मीटरहून अधिक. एका पिंजऱ्यात दोन लाखांहून जास्त मासे ठेवू नयेत असा तिथला नियम आहे. दोन लाख मासे आणि मध्ये एक जाळे! ते फाटले तर पाळीव मासा नदीत शिरतो आणि रानटी सामनच्या वंशात मिसळतो. म्हणून २००३ पासून तिथे पिंजऱ्यांच्या मजबुतीसाठी राष्ट्रीय मानक ठरले आहे. त्यात जाळ्यावर शेवाळ आणि शिंपले धरतात, घरे बुजतात, माशाला प्राणवायू मिळत नाही. तेव्हा शेवाळ धरणार नाही असा धागा कसा काढावा यावर वाईसारख्या ठिकाणी डोकी चालतात. अशा जाळ्याचा भाव बाजारातल्या साध्या जाळ्यासारखा नसतो, आणि भारताला या व्यापारात उभे राहायला जागा मिळाली ती बरीचशी यामुळेच. साध्या जाळ्यांत चीनशी स्पर्धा करणे कठीण. जगात सर्वांत जास्त जाळी विकतो तो चीनच. थायलंड, व्हिएतनामही मोठे विक्रेते आहेत.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच हातात नाही. भारतात जाळ्याचे नायलॉन ज्या रसायनापासून बनते त्याचे नाव कॅप्रोलॅक्टम, आणि त्याचे मूळ खनिज तेलात आहे. भारतात ते बडोद्याला आणि कोचीनला तयार होते, तरी बाहेरून आणावेही लागते. म्हणून तेलाचा भाव चढला की होडीचे पेट्रोल आणि जाळ्याचा दोरा दोन्ही एकदम महागतात. सुताच्या जाळ्याला ही भीती नव्हती. आपल्याकडे किनाऱ्यावरचा मासे घेणारा व्यापारी, ज्याला सगळे ‘बान्यान’ म्हणतात, तो अशा वेळी उधार देतो. (बान्यान म्हणजे आपला वाणीच; गुजरातहून निघालेला शब्द क्रेओलीत मुक्कामाला आला.) उधार घेतले की मासा त्यालाच द्यायचा, तो म्हणेल त्या भावाने. तोंतों याबद्दल काही बोलला नाही, पण बान्यानची गाडी आली की त्याचे हात जरा वेगाने चालतात, हे आमच्या मुलांनीसुद्धा पाहिले.

या यशाची किंमत कोणी मोजली तेही सांगितले पाहिजे. केरळच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि कन्याकुमारी जिल्ह्यात जाळे विणणे हे कोळणींचे घरबसल्या मिळकतीचे काम होते. यंत्रे आली तशी हजारो बायकांच्या हातचे हे काम गेले. नागरकोइलच्या बाजूला जाळ्यांचे कारखाने उभे राहिले, त्यांत काहींना मजुरी मिळाली, सर्वांना नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरची दुसरी गोष्ट रापणीची. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्या वाडीने मिळून ओढायचे लांबलचक जाळे. ओढायला येईल त्याला वाटा. १९७०च्या दशकात ट्रॉलर आणि नायलॉनची परसेन जाळी आली आणि रापणकारांच्या किनाऱ्यापर्यंत मासा पोहोचेनासा झाला. गोव्यात माथानी साल्ढाणा यांच्या पुढाकाराने रापणकारांची संघटना उभी राहिली, मोर्चे निघाले. आम्हाला वाटते, भांडण नायलॉनशी नव्हतेच; रापणीलाही पुढे नायलॉन लागले. भांडण होते ते इतके मोठे जाळे कोणी, कुठे, किती टाकावे याचे.

याच संदर्भात दोन कागद आम्हाला सापडले आणि ते वाचताना आम्ही थबकलो. पहिला कागद जकातीचा. जगातल्या बहुतेक देशांच्या जकात खात्यांत मालाला एकच क्रमांक देण्याची पद्धत १ जानेवारी १९८८ पासून सुरू झाली. तीत ५६०८.११ हा क्रमांक कृत्रिम धाग्यांच्या तयार मासेमारीच्या जाळ्यांचा. सुती जाळी ‘इतर’ या सदरात गेली. आजोबांचे जाळे ‘इतर’ झाले! दुसरा कागद जहाजांनी समुद्र घाण करू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, मारपोलचा. त्याचे पाचवे परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ रोजी अंमलात आले. समुद्रात टाकण्यास पूर्ण बंदी असलेल्या प्लास्टिकची उदाहरणे त्यात दिली आहेत; त्यांत कृत्रिम दोर आणि कृत्रिम मासेमारीची जाळी स्पष्ट नावाने आहेत. एकाच वर्षाच्या पहिल्या दिवशी ज्याचा माल म्हणून जन्मदाखला निघाला, त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याचे नाव कचऱ्याच्या यादीत चढले.

परंतु या दोन कागदांची एकमेकांशी ओळख नाही. पहिला सांगतो की अमुक देशातून इतके किलो जाळे निघाले, इतके डॉलर आले. दुसरा म्हणतो, ते समुद्रात टाकू नका. वादळात हरवले तर माफ. मधल्या काळात त्या जाळ्याचे काय झाले, किती परत आले, किती खडकाला अडकून राहिले, हे ना विकणाऱ्याच्या वहीत आहे ना घेणाऱ्याच्या. सुताचे जाळे हरवले तर कुजून जाई. नायलॉनचे हरवले तरी मासे पकडतच राहते, आणि त्यातला मासा कोणाच्याच ताटात पडत नाही.

आपल्या शेजारच्या मालदीवचे उदाहरण घ्या. तिथले लोक ट्यूना मासा गळ-काठीने धरतात, जाळ्याने नाही. तरीही त्यांच्या बेटांना लागून जाळ्यांचे गोळे वाहत येतात आणि त्यांत कासवे अडकलेली सापडतात. २०१३ पासून ‘ऑलिव्ह रिडले प्रोजेक्ट’ ही संस्था तिथे अशा जाळ्यांची नोंद ठेवते आहे. जाळे हिंद महासागरात कोणी टाकले हे त्याच्याकडे पाहून बहुधा सांगता येत नाही, कारण त्यावर नाव नसते. मोसमी वाऱ्यांबरोबर प्रवाह उलटतात, आणि एका देशाचे जाळे दुसऱ्याच्या दारात जाऊन पडते. आपल्या सेंट ब्रँडनच्या किनाऱ्यांवरही मासेमारीचे प्लास्टिक येऊन पडतेच.

काही झाले नाही असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९९१ साली खुल्या समुद्रातील प्रचंड वाहत्या जाळ्यांना विराम देण्याचा ठराव केला. हिंद महासागराच्या ट्यूना आयोगाने अडीच किलोमीटरहून लांब वाहत्या जाळ्यांना २०२२ पासून आपल्या सर्व क्षेत्रात बंदी घातली. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जाळ्यांवर मालकाची खूण असावी अशी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, पण ती ऐच्छिक आहेत. आणि पुन्हा नॉर्वेच! १९८०च्या दशकापासून तिथले मत्स्य खाते दरवर्षी जहाज पाठवून समुद्राच्या तळातून हरवलेली जाळी उपसते, आणि जाळे हरवले तर मच्छीमाराने कळवावे असा तिथे नियम आहे. नीन्दकऱ्याला इंजिन, बर्फ आणि नायलॉन घेऊन आलेल्या प्रकल्पाने हे एवढे मात्र बरोबर आणले नव्हते. अर्थात १९५३ साली ते नॉर्वेतही कोणाला सुचले नव्हते, तेव्हा दोष द्यायचा तरी कोणाला?

आमचे मित्र म्हणतात, पुन्हा सुताकडे वळावे. जाळे धुवून वाळवायला ज्याच्या घरी आजी नव्हती त्याने हे खुशाल म्हणावे. आमचे म्हणणे इतकेच की माल विकणाऱ्या कारखान्याने त्यावर आपले नाव विणावे आणि जुने जाळे परत घेण्याची सोय विकतानाच सांगावी. वाईच्या कारागिराला शेवाळ न धरणारा धागा काढता येतो, तर नाव विणणे काही फार अवघड नसावे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, हंगाम उघडल्यावर, आम्ही त्याच मुलांपैकी चौघांना घेऊन पुन्हा तामारिनला गेलो. तोंतोंने जाळ्याचा एक नवा तुकडा विकत आणला होता आणि तो जुन्याला जोडण्याचे काम चालले होते. जुना फाटका भाग कुठे गेला म्हणून विचारले. “बायकोच्या लीचीच्या झाडावर,” तो म्हणाला, “वटवाघळांसाठी.” नव्या तुकड्याच्या वेष्टनावर कारखान्याचे नाव शोधले, पण दुकानदाराने खोके आधीच फेकून दिले होते. आत नुसती एक चिठ्ठी होती: २१०/२/३, आणि घराचे माप. त्या धीट मुलीने आकडा वहीत उतरवून घेतला आणि सहा तंतू बरोबर मोजून दाखविले. मग तिने विचारले की या पूर्ण लासेनीत गाठी किती असतील. तोंतोंने हातभर लांबी ताणून एकेक गाठ मोजायला सुरुवात केली. एकशे चाळीसपर्यंत आले असतील नसतील, तोच बान्यानची गाडी आली, आणि मोजणी तशीच राहिली.